चाळीस टक्के

हामार, १९ जानेवारी

प्रिय आई,

तू विणलेले हातमोजे पोचले. गाडीत तेच घालते. कडाक्याच्या थंडीत या विजेच्या गाडीची बॅटरी भराभर उतरते आणि ओस्लोला जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर होतात, म्हणून हीटर बंदच ठेवायचे. "गाडी आहे की म्हातारी, थंडीत दम लागायला?" हे तुझं वाक्य ऑफिसात सांगितलं. सगळे हसले.

काळजी करू नकोस, वाटेत कधी अडकले नाही. एकदाच बारा टक्के उरले, म्हणून चार्जिंगला थांबले. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी काच ठोठावली. आपल्या नॉर्वेत अनोळखी माणसाशी कोण बोलतं? मला वाटलं, गाडी हलवायला सांगताहेत. तर म्हणाले, "हीटर लाव की गं! तू गोठलीस तर ती बॅटरी काय चाटायचीय?" मग थर्मासमधली कॉफी दिली. ओडवार त्यांचं नाव. अगदी तुझ्यासारखे टोमणे मारतात. आता रोज हीटर लावते, त्यामुळे रोज थांबावं लागतं.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना बर्फ उपसू देऊ नकोस.

आणखी एक जोडी विणशील? पुरुषी मापाची. भलतंसलतं मनात आणू नकोस, ओडवार सत्तरीचे आहेत.

काल चाळीस टक्के शिल्लक होते, घरी आरामात पोचले असते. तरी थांबले. केबल लावली आणि शंभर टक्के होईपर्यंत बसून राहिले. ते आले नाहीत.

बाबांना माझा नमस्कार.

तुझीच,
राग्नफ्रिड