शुक्रवारचं भांडण

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो, तेव्हा साष्टांग फक्त कागदावर, गोड मानून घे.) माझ्यापेक्षा जेमतेम एका उन्हाळ्याने मोठी असलेल्या मावसबहिणीला 'तीर्थस्वरूप' लिहिताना हात अडखळतो, पण लहानपणी तू हट्टाने 'ताई' म्हणायला लावलंस आणि आता सवय मोडत नाही. तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला? नवं घर मानवलं का? मी खुशाल आहे. म्हणजे तुझ्यावर रागावलेलीच आहे, पण बाकी खुशाल.

पत्राचं कारण असं, की परवा चष्म्याच्या दुकानात आपले स्पॅनिशचे सर भेटले. मी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत (म्हणजे अंदाजाने ठोकून देत) होते, तर शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हळूच एक अक्षर सुचवलं. तेही चुकीचं. आवाजावरून ओळखलं. तेच आपले सर, बाकाला धक्का लागला तरी बाकाची माफी मागणारे, आणि तीही स्पॅनिशमध्ये.

तुला आठवतं ना, कॉलेजात आपण स्पॅनिश घेतलं ते केवळ त्या विषयाच्या अर्जांच्या खिडकीपाशी रांग नव्हती म्हणून. आणि पहिल्याच आठवड्यात, जिन्याखालच्या त्या खोलीत, सरांनी आपल्या मऊ आवाजात जाहीर केलं की नमस्कार-चमत्कार कुठल्याही भाषेत कुणालाही जमतात. भाषा आली असं म्हणायचं ते तिच्यात भांडता आलं की. म्हणून दर शुक्रवारी भांडणाचा तास. (जन्मात कधी आवाज न चढवलेल्या माणसाने हे शिकवावं, म्हणजे कमालच.) त्यांनी जोड्या लावल्या. आपल्या वाट्याला आली घरमालकीण आणि भाडेकरू. मालकीण अर्थातच तू. तू खुर्चीवर, मी उभी. माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळायचा, मी कळवळून सांगायचे, आणि तू मान उडवून 'मान्याना' म्हणायचीस, म्हणजे उद्या बघू. नियम असा, की शब्द अडला तरी मराठीत उडी मारायची नाही, सापडेपर्यंत गप्प उभं राहायचं. आणि घंटा व्हायच्या आत समेट करून हात मिळवायचा, नाहीतर दोघींनी तिथेच बसून राहायचं. नळ मात्र कधी दुरुस्त होऊ द्यायचा नाही, कारण मग पुढच्या शुक्रवारी भांडायचं कशावर?

प्राचार्य आले होते तो शुक्रवार तर मी विसरूच शकत नाही. शेजारच्या वर्गातल्यांनी जाऊन सांगितलं की पलीकडे मारामारी जुंपली आहे, आणि प्राचार्य धाडकन दार उघडून आत. सरांचे कान लाल झाले. ते काही बोलणार एवढ्यात तू प्राचार्यांकडे बोट दाखवलंस आणि स्पॅनिशमध्ये मला ठणकावलंस, की घे, आणलाय नळवाला! मग मीही मागे कशाला राहते? त्यांना फळ्यापाशी नेलं आणि फळ्यावर काढलेला नळ दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून तो नीट न्याहाळला (माणूस अगदीच वाईट नव्हता), 'वायसर बदला' म्हणाले आणि निघून गेले. मराठीत बोलले म्हणून सरांनी ते ग्राह्य धरलं नाही.

इतकं भांडलो, पण जेवलो मात्र शेवटपर्यंत एकाच डब्यातून. आता बघ. तू गाव सोडून गेलीस हे मला शिंपिणीकडून कळलं! तू म्हणतेस फोनवर सांगितलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. मी म्हणते, एवढी मोठी बातमी कुणी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना सांगतं का? त्यावर तू मला काय म्हणालीस आणि मी तुला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, दोघींनाही पाठ आहे. तेव्हापासून फोन बंद. मी पुष्कळ विचार केला, ताई. स्पॅनिशमध्ये टोचेल असा शब्द शोधेस्तोवर राग निम्मा उतरायचा, आणि तुझा तो शब्द शोधतानाचा चेहरा बघून मला हसू फुटायचं. मराठीत शब्द फार पटकन सापडतात. आणि घंटा द्यायलाही कुणी नसतं.

सर आता थकलेत. त्यांना माझं नाव आठवलं नाही, आपली तुकडी आठवली नाही. सोबत त्यांची मुलगी होती, ती बाजूला घेऊन म्हणाली की बाबा हल्ली घरात फारसं बोलतच नाहीत. पण माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, मालकीण कशी आहे? मी म्हटलं, मजेत. मग म्हणाले, आणि नळ? मला एकदम भरून आलं. चष्मेवाल्याला वाटलं, डोळ्यांत घातलेल्या औषधाचं पाणी आहे. मीही तसंच वाटू दिलं.

तुझी आठवण फार येते. राग आहे म्हणून येत नाही असं नाही. भावोजींना नमस्कार.

तुझी भाडेकरू,
म्हणजे मावसबहीण

ता. क. – सरांनी येत्या रविवारी आपल्या दोघींना चहाला बोलावलंय. मी हो म्हणून बसले. शिवाय आपण रोज फोनवर बोलतो असंही सांगून बसले. आता एकटी गेले तर काय तोंड दाखवू? सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर उभी असेन, बोललीस तर ठीक, नाहीतर नुसती पिशवी हातात दे.

आणखी एक – शिंपिणीकडे राहिलेले तुझे दोन्ही कुर्ते मी घेऊन आलेय. निळा मला छान बसतो. परत हवा असेल तर येऊन भांड, पण स्पॅनिशमध्ये. (मला आता मोजकेच शब्द आठवतात, तेव्हा समेट लवकर होईल.)

आणि शेवटचं – चूक तुझीच होती, हे माझं मत कायम आहे. पण सरांनी नळाचं विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. अजून गळतोय, मालकीणबाई. ह्या खेपेला मान्याना म्हणू नकोस.