उजवा दाणा

शुक्रवार, ९ मार्च १९७३

पुन्हा कौल! शी!

सातवीच्या चार मुली. परीक्षेचं केंद्र राधानगरीला, तीन दिवसांचा मुक्काम. मी सोबत जाणार, माझ्या मावशीकडं राहायचं, सगळं ठरलेलं. तर सरपंच बाळासो म्हणतात, "देवीला इचारल्याबिगर पोरी शीव ओलांडणार न्हाईत." झालंच मग! सगळे देवळात. ज्ञानू गुरवानं वाघजाईच्या दगडाला पाण्यानं दोन तांदूळ चिकटवले. एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. आणि वीस-पंचवीस मिशीवाले बाप्ये त्या दोन दाण्यांकडं डोळे लावून बसलेले!

डावा पडला.

चार मुलींचं वर्ष बुडालं. त्यातली एक ज्ञानूचीच, विमल. वर्गात पहिली! बापाच्या तोंडाकडं बघत उभी होती. आणि हा गृहस्थ दाणा उचलतो, कपाळाला लावतो, "आईची मर्जी" म्हणतो. पापणी हलली नाही त्याची. पोटच्या पोरीचं असं वाटोळं करणारा हा कसला बाप!

मी तोंडावर विचारलं, "तुमच्या देवीला गणित येतं का हो?" बाळासो म्हणाले, "बाई, तुमी कोल्हापूरच्या. तुमाला न्हाई कळायचं."

नाही कळत. आणि कळून घ्यायचंही नाही मला. दोन वर्षं झाली या करंजवाडीत येऊन. प्रत्येक गोष्टीला कौल. म्हैस विकायची — कौल. देवीची लस टोचायची — कौल! बदलीचा अर्ज उद्या पुन्हा लिहिते.

रविवार, ११ मार्च

वरच्या कड्यावर धूर. कुणीतरी गवत पेटवून दिलंय. दरवर्षी देतात म्हणे. "राखंनं गवात जोमात येतंय, बाई." येत असेल. पण यंदा पावसानं पाठ फिरवलेली, रान नुसतं कुडकुडीत वाळलंय. मी म्हटलं, गावाच्या वरच्या अंगाला गवत कापून पट्टा मोकळा करा. बाळासो म्हणाले, वनखातं करील. वनखात्याचा गार्ड पारावर विडी ओढत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, गाववाले करतील. आणि दोघंही हसले. काय माणसं ही!

शेजारची हुसेनबी तेवढी शहाणी. तिचा नवरा कोळशाच्या भट्ट्यांवर मुकादम होता, रानातल्या आगी तिनं जवळून पाहिल्यात. संध्याकाळी अंगणात उभी राहून नाक वर करून वास घेत होती. म्हणाली, "वारं फिरलं तर दोन तासांत गावात येतंय बघा." मुलगा बाबालाल ट्रकवर ड्रायव्हर आहे. त्याला तिनं निरोप धाडलाय — मंगळवारी गाडी घेऊनच ये.

मग माझ्या साडीला हात लावून बघितला. "ही नायलॉनची पेटीत ठेवा. आगीत ती कातड्याला चिकटतीया. सुती नेसा चार दिस." मी हसले. पण नेसले सुती.

सोमवार, १२ मार्च

सकाळी दुधावर काळी साय. बघते तर राख! बाळासोंना भांडं नेऊन दाखवलं. म्हणतात, "देवीचं ध्यान हाय." दूध ओतून टाकलं.

गुरुवार, १५ मार्च. राधानगरी

हायस्कूलच्या ओसरीत बसून लिहिते आहे. सगळं गाव इथं आहे. हजेरीपट आणि ही वही एवढंच घेऊन निघाले होते.

मंगळवारी दुपारी दोनला वारं फिरलं. मुलं पाढे म्हणत होती. खिडकीतून बघितलं तर कड्यावरून आग खाली उतरत होती, आणि तिचा आवाज — घाटात एकामागून एक ट्रक चढावेत तसा. मी घंटा बडवत सुटले. बाबालालची गाडी ओढ्याकाठी उभीच होती. हुसेनबीनं दोन पिंपं भरून ठेवलेली, त्यात बारदान भिजत घातलेलं. बायका पोरांना घेऊन धावत आल्या. दहा मिनिटांत गाव रिकामं झालं असतं!

तर बाळासो आडवे. "समदं गाव एकदम शीव सोडतंय. देवी एकटी मागं ऱ्हाणार. कौल लावल्याबिगर कुणी गाडीत चढायचं न्हाय!"

मला वाटलं, कुणीतरी याला ढकलून देईल. कुणी नाही! बयाबाई तान्ह्या पोराला घेऊन गाडीत चढली होती, तिला तिच्या सासऱ्यानं दंडाला धरून खाली ओढलं. सगळे देवळात. मेंढरंसुद्धा एवढी आज्ञाधारक नसतात. मीही गेले, कारण माझी मुलं त्यांच्या आयांच्या पदराला होती.

पहिला कौल — डावा. जायचं नाही.

"पुन्यांदा लाव," बाळासो म्हणाले. आता तेही घाबरले होते, पण देवीपुढं बोलणार कोण? दुसऱ्या वेळी एकही दाणा पडेना. मी घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं! देवळाच्या कौलांवर ठिणग्या पडत होत्या. एक पोर खोकून खोकून ओकलं. मी ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे.

ज्ञानूनं तिसऱ्यांदा दाणे लावले. मी अगदी त्याच्या खांद्याशी होते. बाकीचे धुरानं डोळे चोळत होते. मी पाहिलं. स्वच्छ पाहिलं! त्यानं अंगठ्यानं उजवा दाणा खाली लोटला.

"उजवा!" म्हणून ओरडला, आणि गाव पळत सुटलं.

म्हणजे हे असं असतं तर! स्वतःची दाढी पोळायला लागली तेव्हा देवी बोलली! चाळीस मिनिटं आम्हाला धुरात बसवून हा माणूस सोंग करत होता. किळस येते मला.

पुढचं सगळं हुसेनबीनं केलं. गाडीच्या फाळक्याशी उभी राहून ओलं बारदान एकेकाच्या डोक्यावर टाकत होती. आधी पोरं आणि म्हातारी. धडधाकट माणसांनी ओढ्याच्या पात्रातून खाली चालायचं, कुणी चढाला पळायचं नाही. लोक गोठ्यात शिरून गुरं ओढत बसले तर हिनं विळा फेकला — "दावी कापा! जनावर आपली वाट आपण काढतंय!" खरंच काढली. दोन रेडकं सोडून सगळी गुरं खाली आलेली सापडली.

मी फाळक्याशी हजेरी घेतली. एक्केचाळीस. पुन्हा मोजली. एक्केचाळीस.

मग कुणीतरी म्हणालं, तानाबाई कुठं?

ज्ञानूची आई. वरच्या आळीत, अंथरुणाला खिळलेली. मुलगा कौल लावत होता, सून पोरांना घेऊन देवळात. म्हातारी सगळ्यांच्या डोक्यातून गेली. ज्ञानू धावला, पण बाबालाल ओलं घोंगडं घेऊन त्याच्या आधी वर पोचला होता. घेऊन आला उचलून. त्याचे हात कोपरापर्यंत भाजलेत. म्हातारी काल सकाळी दवाखान्यात वारली.

ज्ञानू रडला नाही. भिंतीकडं बघत बसलाय. चाळीस मिनिटं आधी निघालो असतो तर म्हातारी जगली असती, हे याच्या डोक्यात तरी येतंय का?

शुक्रवार, १६ मार्च

राधानगरीच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन येतात. भाकरी, पिठलं, कांदा. ओळख ना पाळख, आणि पोरांना मांडीवर घेऊन भरवतात. एक आजी नातीचे नवे परकर घेऊन आली.

आणि आमचं गाव! हुसेनबीनं चुलीवर मोठा हंडाभर भात टाकला, तर बाळासोंच्या घरची माणसं उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसली. तिच्या पोराच्या गाडीतून जीव वाचवून आलेली ही माणसं! तिचं बारदान डोक्यावर चाललं, भात पोटात चालत नाही! हुसेनबी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, भूक लागली की येत्यात." मला नाही राहवत.

वर बाळासो पाहुण्यांना सांगत होते, "देवीनंच वाचिवलं बगा. येळंला उजवा दिला."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "देवीनं नाही, ज्ञानूच्या अंगठ्यानं दिला! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

बाळासोंनी ज्ञानूला विचारलं, "खरं का रं?"

"व्हय."

एवढंच बोलला. बायकोनं तोंडात पदर कोंबला. विमल माझ्याकडं बघत होती.

मला बरं वाटलं. इथं तरी खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

शनिवार, १७ मार्च

मोटारीतून एक पुढारी आले. घोंगड्या वाटल्या. मार्च महिन्यात! आगीतून आलेल्या माणसांना घोंगड्या! फोटोसाठी बाबालालला बोलावलं, त्याला भाजलेले हात पुढं करता येईनात, तर घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकून फोटो काढला.

रविवार, १८ मार्च

आज होळी. गावाबाहेर राहून होळी पेटवावी की नाही, यावर दिवसभर वाद. आगीनं पोट अजून भरलं नाही यांचं!

मंगळवार, २० मार्च

काल गावात परतलो. चौदा घरं गेली. शाळा उभी आहे. देऊळ जळलं, छप्पर दगडावर कोसळलंय.

झालं. एवढं बघितलं आणि गावाला चोर सापडला. "खोट्या कौलानं देवी कोपली." डोंगर कुणी पेटवला, हे कुणी विचारत नाही! पट्टा का काढला नाही, हे विचारत नाही! पारावर बैठक बसली. ज्ञानूची पूजा काढून घ्यायची, पाच दिवसांत त्यानं गाव सोडायचं. तानाबाईच्या सुतकात भेटायला एक माणूस फिरकलं नाही. गेली तेव्हा खांदा द्यायला बाबालाल आला होता, बँडेज बांधलेल्या हातांनी.

बाळासो कागद घेऊन माझ्याकडं आले. साक्षीदार म्हणून सही पाहिजे. काय लिहिलं होतं? ज्ञानू गुरवानं हातानं दाणा पाडला, ते मी पाहिलं. एवढंच. खरंच होतं ते.

हुसेनबी दारात उभी होती. म्हणाली, "सही करू नगा, बाई. उजवा पडला आणि तुमी गाडीत बसला न्हवं? मग झालं की."

मी म्हटलं, खरं ते खरं. हा माणूस वर्षानुवर्षं गावाला फसवत आला. पोरींची वर्षं बुडवली, आईचा जीव घालवला. याचं सोंग कुणीतरी उघडं पाडायलाच हवं होतं. गावानं त्याला भलत्या कारणासाठी हाकललं तर माझा काय दोष?

सही केली.

बाळासो जाताना म्हणाले, "आता नवा गुरव बगाय लागंल. कौल तर लावायलाच पायजे."

शी!

शुक्रवार, २३ मार्च

ज्ञानू शाळेत आला होता, विमलचा दाखला न्यायला. कुरुंदवाडला मेहुण्याकडं चाललेत. दाखला लिहिता लिहिता मी टोचलंच, "हातानंच पाडायचा होता तर परीक्षेच्या वेळी पोरीसाठी का नाही पाडलात उजवा?"

माझ्याकडं नवलानं बघितलं. "ते खोटं झालं असतं की, बाई."

"आणि त्या मंगळवारी?"

"त्या दिशीबी खोटंच केलं. देवी जाऊ नगा म्हणत व्हती. तिसऱ्या येळंलाबी डावाच सुटाय लागलावता." दाखल्याची घडी घालून टोपीत ठेवली. "मागं पोरं खोकत व्हती. बावीस वर्सांत तेवढं एकदाच. म्हातारी न्हेली तिनं. फिटलं."

नमस्कार करून गेला.

विमलच्या नावावर तांबडी रेघ ओढली. मग हजेरी घेतली. पट चाळीस. हजर चाळीस.