मी उच्च कुशल नाही, असं मीच म्हणालो

तीर्थरूप आतोबांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, या खोलीत आडवं व्हायचं तर आधी टेबल बाहेर काढावं लागतं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? तुम्ही बातम्या लावल्या की आत्याचा रक्तदाब चढतो असं ती फोनवर सांगत होती, तेव्हा निदान आवाज तरी बंद ठेवत जा. आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे अजून इथेच आहोत.

पत्रास कारण असं, की इथल्या सरकारला साक्षात्कार झालाय. गेली सहा वर्षं मी सरकारदरबारी ‘उच्च कुशल परदेशी कामगार’ होतो. (कामगार हा शब्द आत्याला सांगू नका, ती मला साहेब समजते.) कंपनीने पत्र द्यायचं, मी पदवीची प्रत जोडायची, की राहण्याचा परवाना वाढून मिळायचा. आता कुणा दीडशहाण्याच्या डोक्यात आलं, की कंपन्या काय, कुणालाही कुशल म्हणतील. माणसाला समोर बसवून विचारलं पाहिजे. आणि विचारणार कोण, तर ज्याला स्वतःच्या टेबलावरचा प्रिंटर चालू करता येत नाही तो! माझ्यादेखत त्याने प्रिंटरला दोन चापट्या मारल्या, आणि मग माझ्याकडे वळून माझ्या कौशल्याची चौकशी सुरू केली.

मी काय करतो हे तुम्हाला माहीत आहेच. (‘लिफ्टवर असतो’ असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगता, त्यामुळे मी बटणं दाबायला असतो अशी त्यांची समजूत आहे.) इमारतीत सहा लिफ्ट असल्या, तर कुठली कुणासाठी कुठे थांबेल हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहितो. हे सगळं घडाघडा सांगायचं सोडून मी काय केलं? तुम्ही स्वतःला उच्च कुशल समजता का, असं त्याने विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, छे हो, आपलं जमतं थोडंफार!

यात माझी चूक किती आणि तुमची किती, हे तुम्हीच ठरवा. शाळेची सगळी वर्षं तुमच्या घरी काढली. पाहुणे म्हणायचे, मुलगा हुशार दिसतो; की तुम्ही लगेच, कसला हुशार, ढकलतोय कसाबसा! मी आपला मान खाली घालून हसायचो. तेच हसू इथेही हसलो. आपल्याकडे एवढं ऐकलं की समोरचा ओळखतो, माणूस मुरलेला आहे. या ठोंब्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं: अर्जदाराच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार तो उच्च कुशल नाही. सावरायला गेलो, तर म्हणालो, श्रेय सगळं सहकाऱ्यांचं. झालं, तेही लिहिलं.

बाहेर आलो तर लिफ्ट बंद. अकरावा मजला, लिफ्टचं दार अर्धवट उघडून अडलेलं, पुढे पंधरावीस माणसं तोंडं पाडून उभी, आणि लिफ्ट आमच्याच कंपनीची. मला राहवेना. दाराच्या खाचेत बाटलीचं झाकण अडकलं होतं, ते किल्लीने उकरून काढलं, लिफ्ट सुरू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे प्रिंटरवाले साहेबही त्यात होते, जेवायला निघाले होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले, आणि जेवून आल्यावर शेऱ्यात भर घातली: अर्जदार दुरुस्तीचं काम करताना आढळला, हे काम उच्च कुशल वर्गात मोडत नाही. काय बोलायचं या लोकांना!

आता पत्र आलंय. अठ्ठावीस दिवसांत कौशल्य सिद्ध करा, नाहीतर निघा. मी एकटा असतो तर बॅग भरून मोकळा झालो असतो. पण हिचा परवाना माझ्या परवान्याला बांधलेला. दातांची डॉक्टर असून तीन वर्षं तिने इथल्या परीक्षा पहिल्यापासून दिल्या, आता कुठे दवाखान्यात जागा मिळाली, एक तारखेला रुजू व्हायचंय. शेरा वाचून तिने नवा पांढरा कोट कपाटातून काढला आणि त्याची पुन्हा घडी घातली. आतोबा, मला फार शरम वाटली.

आत्याला नमस्कार.

तुमचा,
ढकलत ढकलत इथवर आलेला भाचा

ता. क. दहा वर्षं ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तीचं शिफारसपत्र चालतं म्हणे, फक्त ती रक्ताच्या नात्यातली नको. आतोबा रक्ताचे धरत नाहीत, हे मी दोनदा विचारून घेतलं. तुम्ही तंत्रशाळेचे मुख्याध्यापक होतात. एक पान पुरे. त्यात ‘उत्कृष्ट’ हा शब्द एकदा तरी यावा. माझ्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही सलग पाच वर्षं ‘ठीक’ लिहिलंत, तेव्हा काय मागतोय ते मला कळतं.

दुसरा ता. क. हे पत्र आठवडाभर बॅगेतच राहिलं, कारण तुमच्याकडे काही मागायचं म्हटलं की मी अजून पोस्टाच्या दारातून परत फिरतो. तेवढ्यात हिने मला न सांगता स्वतःचा अर्ज भरला. दातांचे डॉक्टर सरकारच्या उच्च कुशल कामांच्या नव्या यादीत आहेत. अधिकारी तोच, प्रश्नही तोच. ही म्हणाली, हो. परवाना काल हातात आला. मी आता ‘अवलंबून असलेला पती’ या वर्गात मोडतो. नोकरी करता येते, आणि काही येत असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. तेव्हा तुमच्या पत्राची सरकारला गरज उरलेली नाही. पण लिहा, आतोबा. मला वाचायचंय.