उलटून शिवलेली कॉलर

प्रिय आई, तुला वाकून नमस्कार.

"कॉलर झिजली म्हणून कुणी शर्ट टाकतं का? उलटून शीव," असं तू मला लहानपणी म्हणाली होतीस. इथे मी तेच करतेय. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याची आम्ही शाळा केली. भिंती जुन्याच, खिडक्या तेवढ्या नव्या. वास अजून गेलेला नाही. मुलं म्हणतात, "आमची शाळा आंघोळ करून बसलीय."

मी वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? दादा म्हणाला, तुला हल्ली जिन्यात मध्येच बसावं लागतं.

खालचं घड्याळांचं दुकान बाबा गेल्यापासून बंद आहे. तिथे तुझी खोली करू दे. त्यांची घड्याळं भिंतीवरच राहतील. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी एकदा कुलूप उघडून बघ ना.

तुझीच,
धाकटी