दत्तात्रयरावांचा डावा डोळा

३ फेब्रुवारी २०१४

आले बाई एकदाची दिल्लीला! जयंतला बदलीवर आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर मिळालं आणि मला गुडगावच्या एका खासगी नेत्र रुग्णालयात नोकरी. नशीब सध्या जोरावर आहे म्हणायचं. जिन्यात चार दारं, चार राज्यं, आणि चारी घरांत चर्चा एकच: कोणाची बदली कुठे झाली. मी डोळ्यांची डॉक्टर आहे हे कळताच समोरच्या बाईंनी चष्म्याचा नंबर काढून मागितला. मी दृष्टिपटलाची डॉक्टर आहे, चष्म्याचं दुकान चालवत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. नुसती गोड हसले.

एप्रिलपासून मला ऑपरेशन थिएटर मिळणार आहे. त्यासाठीच तर पुणं सोडलं. केसाहून पातळ पापुद्रा चिमट्यात धरून सोलायचा, तर हात नंतर, डोळे आधी. माझे डोळे उत्तम आहेत. माझी सगळी मिळकत तीच.

६ फेब्रुवारी

माणसं कशीही असोत, यंत्र मात्र देखणं आहे. रुग्णाने पट्टीवर हनुवटी टेकवायची, हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. प्रकाशाची तिरीप आत जाते आणि दृष्टिपटलाचे थर सुटे करून दाखवते, घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे. सूज, पाणी, व्रण, काही म्हणता काही लपत नाही. शिवाय प्रत्येक डोळ्यातली रक्तवाहिन्यांची नक्षी वेगळी असते. यंत्र ती लक्षात ठेवतं आणि तोच डोळा पुन्हा समोर आला की ओळखून जुन्या चित्राशेजारी नवं मांडतं.

ते चालवणारा श्याम दिल्लीतच वाढलेला मराठी माणूस. 'दृष्टिपटल' म्हटलं तर माझ्याकडे बघतच राहिला. 'रेटिना' म्हटल्यावर, अच्छा अच्छा, म्हणाला. पेशंटशी गप्पा फार छाटतो. मी त्याला बजावलं की मला चित्रं पाठव, माणसं तुझ्याकडेच ठेव. तोंडं बघून कुठला रोग कळत नाही.

१२ फेब्रुवारी

सरोजिनी नगरहून दत्तात्रयराव नावाचे निवृत्त गृहस्थ आले होते. बरोबर सून, वृंदा. उजवा डोळा कधीच गेलेला. डाव्यात मधोमध चांदणीच्या आकाराचा व्रण. पुस्तकात छापावा असा! म्हाताऱ्याला कडेचं दिसतं, मधलं नाही. म्हणजे माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. मी लिहिता लिहिताच सांगितलं की काही करता येणार नाही, पुढच्याला पाठवा.

तर महाशय हटूनच बसले. म्हणे, बाई, एकदा वर बघा, हे मला कोणी सांगितलं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून का होईना बघू द्या. दिल्लीत लोकांना वेळ फार. सून ओशाळून त्यांना उठवत होती आणि ते म्हणत होते की तुम्ही बघेपर्यंत मी इथेच आहे. शेवटी श्यामने हाताला धरून बाहेर नेलं.

ते चित्र नमुना म्हणून यंत्रात ठेवून दिलंय. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला बरं.

२५ फेब्रुवारी

वृंदाचा फोन. सासरे गेले. शेवटपर्यंत म्हणे 'बाईंनी वर बघितलं का' हेच विचारत होते. घरात कोणाला चैन नाही, तेव्हा त्यांच्या डोळ्याचं चित्र कृपा करून पुसून टाका. मी म्हटलं, तुमच्या दुःखात सहभागी आहे, पण रुग्णालय कोणाच्या वहिमावर चालत नाही. असा नमुना पुन्हा मिळायचा नाही. सुशिक्षित म्हणवणारे लोक हे!

४ मार्च

मानेसरच्या एका कारखान्याने बसभर कामगार तपासणीला पाठवले. पहिल्याच माणसाला यंत्राने ओळखलं: जुना रुग्ण, दत्तात्रय. नक्षी तीच, चांदणी तीच. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही. श्यामने नमुन्याची फाइल सगळ्यांना चिकटवून ठेवली हे शेंबडं पोरही सांगेल. मी त्याला सर्वांसमोर झाडलं. तो आपला, मॅडम, कसम से, मैंने कुछ नहीं किया, एवढंच म्हणत राहिला. धड खोटंही बोलता येत नाही.

७ मार्च

त्यातले काही कामगार परत आले. समोरच्याचा चेहराच मधून नाहीसा होतो म्हणतात. रजेसाठी नाटकं, दुसरं काय! ढोंग उघडं पाडावं म्हणून थेंब घालून भिंगातून स्वतः पाहिलं. इथे यंत्र नाही, फाइल नाही. जिवंत डोळ्यात चांदणी होती. तरण्याताठ्या, धडधाकट डोळ्यात.

नमुना पुसून टाकला. कटकट नको म्हणून. भिऊन नव्हे.

८ मार्च

पुसूनही यंत्र तेच नाव दाखवतं. श्याम आलाच नाही. पळपुटा. सगळ्यांचं खूळ मोडावं म्हणून मीच हनुवटी टेकवली, नर्सला बटण दाबायला लावलं. हिरवा ठिपका. मग तिने पडदा माझ्याकडे वळवला—

जुना रुग्ण.

मूर्ख यंत्र. मूर्ख.

९ मार्च

जयंतने चहा दिला. कप दिसला, हात दिसला, कॉलर दिसली. वर—

हसला असावा. आवाजावरून वाटलं.

भीती वाटते आहे. लिहूनच टाकते, मला भीती वाटते आहे. डोळे गेले तर थिएटर गेलं, सगळं गेलं. मग समोरच्या चष्मेवाल्या बाईत आणि माझ्यात—

१० मार्च

जयंत मोठ्या डॉक्टरांकडे नेतो म्हणतो. जाणार नाही. तिथेही यंत्रं असतील.

मधली जागा काळी नाही. तिथे खोली आहे. टेबल आहे. पांढऱ्या कोटातली कोणी बाई मान खाली घालून लिहिते आहे—

डोळे मिटले तरी.

११ मार्च

ती बाई अजून लिहितेच आहे. माझ्या हनुवटीखाली थंड पट्टी. तिला विचारलं, माझे डोळे वाचतील का? साधी मान वर करून बघत नाही. कुठल्या कॉलेजातून येतात असल्या उद्धट—

कोटावर माझं नाव आहे.

१२ मार्च

ओळी दिसत नाहीत. अंदाजाने लिहिते. जयंतने घट्ट धरलं आहे, कोणावर ओरडतेस विचारतो—

बाई, वर बघा. एकदाच. मी सुनीती, मीही डॉक्टर आहे, मला एप्रिलपासून ऑपरेशनं— माझे डोळे— वर बघा ना—

बघत नाही. लिहिता लिहिता म्हणते आहे, काही करता येणार नाही, पुढच्याला