विहिरीतल्या कॅसेटी

सोलापूर, ३ मार्च २०२४

चि. सौ. गोजाबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मी भाषण ठोकतो असा तुझा आरोप आहे, म्हणून लिहितो. आमच्या वाचनालयात व्हिडिओ कॅसेटींची दोन कपाटं आहेत. सगळ्यांना बुरशी आलेली, चालवायला यंत्रही उरलेलं नाही. बैठकीत मी म्हणालो, व्याख्यानमालेच्या तेवढ्या बाहेरून संगणकावर उतरवून घ्या, बाकीच्या ई-कचरा नेणाऱ्यांना द्या. ते प्लास्टिक आहे, जाळायचं नाही, फेकायचं नाही. अध्यक्ष सिद्धारामपंतांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, सरस्वतीला भंगारात घालायचं? जुनी पोथी आपण पाण्यात सोडतो, तसं हिचंही विसर्जन करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आयुष्यभर पुस्तकांत बसलेली ही माणसं! शिसारी आली, उठून आलो. कॅसेटी कुठे नेल्या ते कुणी सांगत नाही.

दाजी मायाप्पांना नमस्कार. शेळ्या कशा आहेत ते कळव.

तुझा,
महिपतीदादा

कुंभारी, ८ मार्च २०२४

ती. दादांस गोजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

कुटं नेल्या म्हनून काय इचारता? आमच्या हिरीत हायत की! तुमच्या वाचनालयाची मानसं टेम्पो घेऊन आली, महिपतरावांचंच काम हाय म्हनाली. ह्यांनी भोळेपनानं नारळसुदिक घरातला दिला. मी लेकीकडं करमाळ्याला, न्हायतर एकेकाला टेम्पोत कोंबून धाडला आसता. हळदकुंकू, आरती, फोटू, आन् धबाधब हिरीत.

आता पान्यावर काळ्या फिती तरंगत्यात, तवंग आलाय. शेळ्या वास घेऊन माघारी फिरत्यात. एका करडाच्या तोंडातनं हातभर फीत वढून काडली, तरी सकाळी मेलं. टँकरचं पानी किती दिस मिळंल? आमची ही एकच हीर हाय, दादा. तुमी बोलून मोकळं झाला. आमी पानी कुटनं आनायचं?

राग आला तर येऊ द्या, पर माया पातळ करू नका.

तुमची,
गोजा

सोलापूर, १२ मार्च २०२४

चि. सौ. गोजास आशीर्वाद.

करडाचं वाचून ताट बाजूला सारलं. तुम्ही गळ टाकून उपसलेल्या कॅसेटींची पोती पोचली. वाचनालयाच्या पायरीवर उतरवली, तर सिद्धारामपंत म्हणाले, विसर्जन केलेलं परत घरात घेत नाहीत, अपशकुन होतो! पोती आता माझ्या घरी, बैठकीच्या खोलीत आहेत. घाण अशी की शेजारी दारं लावून घेतात. सोमवारी ई-कचऱ्याची गाडी येईल. व्याख्यानांच्या फितींचा चिखल झाला. माझंही बोलणं त्यातच होतं. जाऊ दे.

पुढचं ऐक. विसर्जनाचे फोटो छापून आले, आणि कुठल्याशा मंडळाने वाचनालयाचा पर्यावरणस्नेही म्हणून रविवारी सत्कार ठरवला आहे! वर वक्ता म्हणून मलाच बोलावलं. व्यासपीठ दिलं की माझा राग उतरतो, असा सिद्धारामपंतांचा समज. मी हो म्हणालो.

विहीर उपसायला पंपवाला मी शुक्रवारी पाठवतो, गाळही तोच काढील. पण त्याआधी मायाप्पांबरोबर त्याच पाण्याची एक घागर धाड. गाळू नकोस. व्यासपीठावर प्रत्येकापुढचा पेला मी स्वतः भरणार आहे. पहिला घोट अध्यक्षांनी घ्यावा, एवढंच बोलून खाली बसेन.

लोभ ठेव, आणि घागर काठोकाठ भर.

तुझा,
महिपतीदादा