टिटवी छाप

ता. ४ जून

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे ते वहिनी कळवत नाही, म्हणजे तुम्हीच कळवू देत नसणार.

आता कामाचं. आपल्या कात्र्यांवरच्या टिटवीची ट्रेडमार्क म्हणून असलेली नोंदणी पुढच्या दहा वर्षांसाठी वाढवून घेतली. पहिल्या अर्जाच्या वेळी नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी हे कबुतर आहे का म्हणून विचारलं आणि तुम्ही घरी येऊन जेवला नव्हतात, तसं या खेपेला काही झालं नाही. पण एका कंपनीनं कात्र्यांसाठीच जवळजवळ तशीच टिटवी मागितली आहे. मी आपल्या वतीनं हरकत घेतली. ते आता विचारणार, तुम्ही तरी ही खूण वापरता का. तेव्हा टिटवीच्या कात्र्यांची अलीकडची बिलं आणि फोटो पाठवा.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुमचा पुतण्या

ता. १२ जून

चि. वकीलसाहेबांस,
अनेक आशीर्वाद. (वकिलाच्या कारकुनाला वकील म्हणतो आहे, मान घे.)

फोटो कशाचे पाठवू? माझा हात थरथरायला लागला तेव्हापासून टिटवीचा ठसा मी एकाही कात्रीवर मारलेला नाही. तेल लावून कपाटात ठेवला आहे. चार वर्षं होऊन गेली. कात्र्या सगळ्या सूनबाई, तुझी वहिनी, करते. शिंप्यांची तक्रार नाही, गिऱ्हाईक तुटलेलं नाही, पण कात्र्या कोऱ्याच जातात. टिटवी दिसली की माणूस डोळे मिटून कात्री घ्यायचा. ती इभ्रत मी जन्मभर सांभाळली, आता दुसऱ्याच्या हाती कशी देऊ?

कंपनीचंच म्हणशील तर एका कात्रीवर ठसा मारून दुकानाच्या काचेत ठेवतो. झालं की वापरणं.

जेवणाच्या वेळा पाळ. आमची आठवण ठेव.

काका

ता. २० जून

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. जपायची म्हणून तुम्ही खूण कपाटात ठेवलीत आणि कायद्यानं ती तिथंच हातची जाते. सलग पाच वर्षं वापरली नाही, तर कुणीही अर्ज करून तिची नोंद काढायला सांगू शकतो. फी भरली म्हणून ती वाचत नाही. काचेतली एक कात्रीही चालत नाही, खरी विक्री लागते. तुमचा हात थरथरू लागला त्याला येत्या नोव्हेंबरात पाच वर्षं भरतील. मग ती कंपनी आपली टिटवी वाटेल त्या पत्र्यावर उठवेल आणि आपण बघत बसू.

खूण एका हाताची नसते, कारखान्याच्या मालाची असते. वहिनीच्या कात्रीत खोट दिसत असेल तर तसं सांगा. दिसत नसेल तर मला तुमचा राग आला आहे, आणि तोही स्पष्ट लिहितो.

रागावलात तरी पत्र लिहा.

पुतण्या

ता. ९ जुलै

चि. वकीलसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी तुझ्यावर भडकलो होतो. मग हट्टानं खोट शोधायला बसलो. फळीवरच्या कोऱ्या कात्र्या एकेक करून ओल्या रेशमावर चालवल्या. ओलं रेशीम टोकाशी हमखास गोळा होतं, सरळ कापत न्यायला कात्री पक्की लागते. सगळ्यांनी कापलं, फक्त मागच्या दोन अडल्या. मला काय आनंद झाला! सूनबाईला हाक मारून त्या दाखवल्या. तिनं त्या उचलून पुन्हा फळीवर मागं ठेवल्या. फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाली की त्या तिच्या नाहीत, माझ्याच आहेत, हात थरथरू लागल्यावरच्या. त्या तिनं कधी गिऱ्हाइकाला दिल्या नाहीत आणि मला कधी सांगितलंही नाही.

मला फार लाज वाटली रे. कपाट उघडून ठसा तिच्या हातात दिला.

तेव्हापासून टिटवीच्याच कात्र्या जातात. बिलं आणि फोटो सोबत आहेत. काल मात्र तिनं एक कात्री कोरीच बाजूला ठेवली. का म्हणून विचारलं, तर टिटवीला शोभत नाही म्हणाली. चष्मा लावून, उजेडात नेऊन पाहिली. मला तिच्यात काहीही खोट सापडली नाही.

राग असू दे, लोभही असू दे.

काका